परिचर्या : घराचा आधार आणि कामाचे समाधान

जिल्हा रुग्णालयातील परिचारिका रात्रपाळीसाठी घराबाहेर पडते, तेव्हा शेजारच्या घरांत जेवणे आटोपून निजानीज होत असते. निघण्यापूर्वी तिने सकाळच्या डब्याची तयारी करून ठेवलेली असते, सासूबाईंच्या गोळ्या वेगळ्या काढलेल्या असतात आणि मुलाच्या वहीवर पालक म्हणून सहीही केलेली असते. अर्ध्या तासाने ती प्रसूतिकक्षात उभी राहते. दुपारपाळीची परिचारिका तिला एकेका खाटेची हकीकत सांगते. कोणाला कळा सुरू झाल्या आहेत, कोणाचा रक्तदाब वाढला आहे, कोणाचे बाळ दूध ओढत नाही, हे सारे ती समजून घेते आणि नोंदवही आपल्या हाती घेते. त्या क्षणापासून सकाळपर्यंत त्या कक्षातील प्रत्येक जीव तिच्या नजरेखाली असतो.

एका घराची जबाबदारी शेजेवर ठेवून दुसरी अनेक घरांची जबाबदारी उचलणाऱ्या अशा हजारो स्त्रिया, आणि आता पुरुषही, राज्यात काम करीत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या वेतनावर संपूर्ण कुटुंब उभे असते. धाकट्या भावंडांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी, घराच्या कर्जाचे हप्ते यांचा भार त्यांच्यावर असतो. हे काम करीत असताना त्यांना समाधान लाभते काय, आणि लाभत असेल तर ते कोठून येते, हा प्रश्न केवळ त्यांच्या खाजगी आयुष्याचा नाही. ज्या परिचारिकेला कामात अर्थ वाटतो आणि घरी आधार मिळतो, ती त्या कामात टिकते. ती टिकली तर रुग्णालय टिकते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांनी करणे अगत्याचे आहे.

चरितार्थ आणि प्रतिष्ठा

आधुनिक परिचर्येचा पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी घातला. त्यांचा जन्म १२ मे १८२० चा. हाच दिवस आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी त्या गेल्या. स्वच्छता, हवा, उजेड, आहार आणि अचूक नोंदी यांचे महत्त्व त्यांनी जगाच्या निदर्शनास आणून दिले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. शुश्रूषा ही नुसती ममता नसून ती शिकण्याची आणि शिकविण्याची विद्या आहे, हा विचार या शाळेने रूढ केला.

महाराष्ट्रात हा विचार रुजला तो एका सामाजिक गरजेतून. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. त्या काळी विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांसमोर मानाने जगण्याचे मार्ग फारच थोडे होते. सेवासदनाने अशा स्त्रियांना लिहावाचावयास शिकविले, आणि पुढे त्यांपैकी काहींना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविले. परक्या माणसांची शुश्रूषा, तीही सर्व जातींच्या, आणि तीही रात्री-अपरात्री, ही कल्पना त्या वेळच्या मध्यमवर्गीय घरांना सहजासहजी पटणारी नव्हती. विरोध पुष्कळ झाला. तथापि, ज्या स्त्रिया शिकून बाहेर पडल्या त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या आणि मुलाबाळांचा चरितार्थ चालवू लागल्या.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्याकडे परिचर्या आणि कुटुंबाचा भार यांचे नाते आरंभापासूनचे आहे. पोट भरण्यासाठी केलेले काम कमी प्रतीचे आणि विनामूल्य केलेली सेवा श्रेष्ठ, असा एक समज समाजात आहे. सेवासदनातून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी तो आपल्या आयुष्याने खोडून काढला. त्यांनी वेतन घेतले, घर चालविले आणि रुग्णसेवाही उत्तम केली. या तिन्ही गोष्टी एका हाताने होऊ शकतात.

स्वातंत्र्यानंतर या व्यवसायाला कायद्याचे अधिष्ठान लाभले. १९४७ च्या कायद्यान्वये १९४९ मध्ये भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. महाराष्ट्रात १९६६ च्या अधिनियमाने परिचारिकांच्या नोंदणीची व्यवस्था घातली गेली. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा अधिनियम संमत करून या व्यवस्थेत पुढचे पाऊल टाकले.

शिक्षणाच्या पायऱ्या

या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य असे की, घरची परिस्थिती बेताची असणाऱ्या मुलीलाही त्यात लवकर प्रवेश मिळतो आणि पुढे शिकत राहण्याचा मार्ग बंद होत नाही. सहायकारी परिचारिका प्रसविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर घेता येतो व तो मुलींसाठीच आहे. यातून पुढे उपकेंद्रातील आरोग्य सेविका तयार होते. सामान्य परिचर्या व प्रसविका हा पदविका अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून तो मुलग्यांनाही खुला आहे. या दोन्ही अभ्यासक्रमांसाठी विज्ञान शाखाच हवी, अशी अट नाही. परिचर्येतील पदवी चार वर्षांची असते. तिच्यासाठी मात्र बारावीला विज्ञान शाखेतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय आवश्यक असतात.

पदविका घेऊन नोकरीस लागलेल्या परिचारिकेला नंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून पदवी मिळविता येते. त्यापुढे पदव्युत्तर पदवी आणि संशोधन यांचीही वाट आहे. १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामुळे राज्यातील या उच्च शिक्षणाला एकसूत्रीपणा आला. कक्षातील अधिपरिचारिका पुढे परिसेविका होते, अधिसेविका होते, किंवा अध्यापनाकडे वळून पाठ्यनिर्देशिका होते.

या पायऱ्यांचा समाधानाशी निकटचा संबंध आहे. वीस वर्षे एकाच जागी एकच काम करणाऱ्या व्यक्तीचे मन कोमेजते. आपण काल होतो त्यापेक्षा आज अधिक जाणतो, हा अनुभव मनाला उभारी देतो. घरची जबाबदारी असल्यामुळे जिला विसाव्या वर्षी पदवी घेता आली नाही, तिला ती पस्तिसाव्या वर्षी घेता येते, ही या व्यवसायाची मोठी देणगी आहे. मात्र त्यासाठी वरिष्ठांनी तिला शिक्षणाकरिता मोकळे करण्याची आणि घरच्यांनी तो काळ निभावून नेण्याची तयारी दाखविली पाहिजे.

समाधानाचे मूळ कौशल्यात

परिचारिकेच्या कामाकडे बाहेरून पाहणाऱ्याला इंजेक्शन, ताप पाहणे, खाटेवरील चादर बदलणे एवढेच दिसते. त्यामागील विचार दिसत नाही. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचे उदाहरण घेऊ. माता दगावण्याच्या कारणांत हे एक प्रमुख कारण आहे. मूल जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत मातेला ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन द्यावे लागते. वार पडल्यानंतर गर्भाशय घट्ट आवळले गेले आहे की सैल आहे, हे पोटावर हात ठेवून पाहावे लागते. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि रक्तस्राव तपासावा लागतो. रक्त बरेच गेले तरी तरुण स्त्रीचा रक्तदाब काही वेळ टिकून राहतो; नाडी मात्र त्याआधीच जलद होऊ लागते. ही वाढलेली नाडी ज्या बोटांना वेळेवर जाणवते, ती बोटे त्या मातेचे प्राण वाचवितात. डॉक्टरांना हाक जाते ती त्यानंतर.

तीच गोष्ट नवजात बालकाची. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास मिळवून द्यावा लागतो. बाळ पुसणे, ऊब देणे, मान योग्य स्थितीत ठेवणे आणि गरज पडल्यास फुग्याच्या साहाय्याने हवा देणे, हे सर्व त्या एका मिनिटात बसवावे लागते. तेथे पुस्तक उघडून पाहण्यास वेळ नसतो. औषध देतानाही रुग्ण तोच आहे ना, औषध तेच आहे ना, मात्रा, मार्ग आणि वेळ बरोबर आहे ना, या पाच गोष्टींची खातरजमा प्रत्येक वेळी करावी लागते. एका पाळीत ही खातरजमा शंभर वेळा करावी लागली, तरी शंभराव्या वेळीही ती पहिल्याइतकीच काटेकोर असावी लागते.

उपकेंद्रातील आरोग्य सेविकेचे काम याहून वेगळे, पण तितकेच जोखमीचे आहे. मैदानी प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. गरोदर स्त्रियांची बाराव्या आठवड्यापूर्वी नोंदणी, किमान चार तपासण्या, लोहाच्या गोळ्या, प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंतच्या गृहभेटी आणि बालकांचे लसीकरण ही तिची कामे. लस २ ते ८ अंश सेल्सिअस या तापमानात राहिली पाहिजे. वाडीवर पोहोचेपर्यंत थंडी टिकली नाही, तर टोचूनही उपयोग होत नाही. म्हणून लसीची पेटी सांभाळणे हे जवळजवळ तान्हे मूल सांभाळण्यासारखेच काम आहे.

अशा कामाचे फळ एका दिवसात दिसत नाही. पण ते दिसते. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त घोषित झाला. महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण २००४-०६ या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे १३० होते. ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. या यशात रस्ते, वाहने, औषधे, डॉक्टर आणि आशा कार्यकर्त्या या सर्वांचा वाटा आहे. तथापि, गावागावांत लस टोचणारा आणि प्रसूतिकक्षात नाडी पाहणारा हात बहुतांशी परिचारिकेचा होता, हे विसरून चालणार नाही. आपण टोचलेली मुले शाळेच्या अंगणात धावताना पाहणे, हे समाधान वेतनाच्या पावतीवर छापलेले नसते.

बरे न होणाऱ्या रुग्णाची शुश्रूषा

रुग्ण बरा होऊन घरी गेला की आनंद होतो, हे स्वाभाविक आहे. परंतु जो बरा होणारच नाही, त्याच्या शुश्रूषेत समाधान कसले, असा प्रश्न पडू शकतो. याचे उत्तर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या कृतीने दिले आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्या अंथरुणाला खिळून होत्या. या काळात परिचारिकांच्या अनेक पिढ्या आल्या आणि गेल्या. ज्यांनी त्यांना हिंडता-फिरताना कधी पाहिलेही नव्हते, अशा तरुण मुलींनीही त्यांना भरविले, न्हाऊ घातले, कुशीवर वळविले आणि शय्याव्रणांपासून जपले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निर्णयात या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली.

एकाच अंगावर पडून राहिलेल्या माणसाची कातडी थोड्याच काळात दुखावू लागते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. हे काम कोणी टाळले तर लगेच कोणाच्या लक्षात येत नाही आणि केले तर कोणी कौतुक करीत नाही. तरीही ते ४२ वर्षे होत राहिले. या घटनेची दुसरी बाजूही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कामाच्या जागी परिचारिका सुरक्षित असली पाहिजे, हा धडाही त्याच खाटेने दिला. रुग्णालयातील हिंसाचारास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. कायदा कागदावर न राहता उजेड, कुलूपबंद कपडे बदलण्याची खोली आणि पहारा या रूपांनी तो कक्षापर्यंत पोहोचावयास हवा.

संकटाच्या क्षणी परिचारिका काय करू शकते, याचे आणखी एक उदाहरण मुंबईच्या कामा रुग्णालयाचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी त्या रुग्णालयाच्या आवारात शिरले, तेव्हा रात्रपाळीवर असलेल्या अंजली कुलथे यांनी आपल्या कक्षातील २० गरोदर स्त्रियांना सुरक्षित जागी हलविले. पुढे न्यायालयात साक्षही दिली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर आपला अनुभव मांडला. रात्रपाळी म्हणजे बसून काढलेले तास, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

घर आणि पाळी

परिचारिकेच्या संसारातील खरी अडचण कामाच्या कष्टांपेक्षा पाळ्यांच्या फेऱ्यात आहे. या आठवड्यात सकाळ, पुढल्या आठवड्यात दुपार, त्यानंतर रात्र. झोपेचे चक्र शरीरात ठरलेले असते आणि ते आदेशाने बदलत नाही. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या परिचारिकेला पुष्कळ घरांत सून, आई आणि पत्नी म्हणून दुसरी पाळी लगेच सुरू करावी लागते. दिवसभर घरीच तर असते, असे म्हटले जाते. परंतु ती घरी असते ती झोप भरून काढण्यासाठी, हे लक्षात घेतले जात नाही. झोप अपुरी राहिली की पुढल्या रात्री औषधाची मात्रा चुकण्याचा धोका वाढतो. म्हणजे घरातील तिची झोप हा केवळ घराचा प्रश्न राहत नाही. ती रुग्णाच्या सुरक्षिततेची बाब ठरते.

यावर उपाय कठीण नाहीत. रात्रपाळीनंतर सलग पाच-सहा तास तिला कोणी उठवू नये, हा घराचा नियम असावा. स्वयंपाक, पाणी भरणे, मुलांना शाळेत पोहोचविणे या कामांची वाटणी पाळीच्या तक्त्याप्रमाणे व्हावी. पतीने भाकरी थापली किंवा मुलाच्या केसांना तेल लावले, तर त्यात उपकाराचा भाव असण्याचे कारण नाही. ज्या घराला तिच्या वेतनाचा आधार चालतो, त्या घराला तिच्या कामाचा वाटाही उचलता आला पाहिजे. तिचे वेतन कसे खर्च व्हावे, या निर्णयातही तिचा शब्द असावा. कमावणारा हात एकाचा आणि ठरविणारे तोंड दुसऱ्याचे, अशा घरात समाधान फार काळ नांदत नाही.

रुग्णालयाकडूनही काही गोष्टी होऊ शकतात. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकविल्या तर शरीर त्यांच्याशी अधिक सहज जुळवून घेते; उलट्या क्रमाने फिरविल्या तर त्रास वाढतो. सलग रात्रपाळ्यांची संख्या मर्यादित ठेवावी. पाळीचा तक्ता पुरेसा आधी लावला तर मुलांच्या परीक्षा, सणवार आणि घरातील आजारपणे यांची सोय आगाऊ करता येते. या गोष्टींना निधी लागत नाही. लागतो तो केवळ विचार.

वेतन, रजा आणि रुग्णसंख्या

परिचारिकेला ‘सेवामूर्ती’ म्हणून गौरविणे सोपे आहे. परंतु गौरवाच्या शब्दांनी वाण्याचे बिल भागत नाही. शासकीय सेवेतील नियमित परिचारिकेचे वेतन आता बऱ्यापैकी आहे. कंत्राटी परिचारिकांची आणि लहान खाजगी रुग्णालयांत काम करणाऱ्यांची स्थिती मात्र वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानुसार केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या. २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन असावे आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही ते दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावे, असे समितीने सुचविले. या शिफारशी प्रत्यक्षात उतरविणे हे राज्यांचे आणि रुग्णालय चालविणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

रजेच्या बाबतीत काही चांगले बदल झाले आहेत. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक केले. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांच्या बालसंगोपन रजेची तरतूद केली. परंतु कक्षात परिचारिकाच कमी असतील, तर हक्काची रजा मागतानाही तिला संकोच होतो. आपण गेलो तर मैत्रिणीला दोन पाळ्या कराव्या लागतील, हे तिला ठाऊक असते. म्हणून रजेचा नियम आणि भरलेली पदे या दोन गोष्टी एकत्रच विचारात घ्याव्या लागतात.

रुग्णसंख्येचा प्रश्न तर थेट जीवन-मरणाचा आहे. युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची माहिती तपासता असे आढळले की, परिचारिकेकडे सरासरीने एक रुग्ण वाढला की रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. आपल्या रुग्णालयांतील परिस्थिती युरोपाहून भिन्न आहे. तथापि, या निष्कर्षामागील कारण सर्वत्र सारखेच आहे. नाडी पाहण्यास सवड नसेल, तर ती जलद झाल्याचे कळणार कसे? कष्टांपेक्षाही परिचारिकेला अधिक जाळते ती एक बोच : ‘मला जमत होते, कळतही होते, पण त्या खाटेपर्यंत पोहोचता आले नाही.’ ही बोच वारंवार सोसावी लागली की चांगली परिचारिका नोकरी सोडते, किंवा नोकरीत राहूनही मनाने दूर जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५८ लाखांची उणीव होती. श्रीमंत देश ही उणीव आपल्यासारख्या देशांतून भरून काढीत असतात. कुटुंबाच्या उत्कर्षासाठी परदेशी जाणाऱ्या परिचारिकेला दोष देता येत नाही. तिने येथेच राहावे असे वाटत असेल, तर येथील काम मानाचे आणि पेलण्याजोगे करणे हाच मार्ग उरतो.

गावाचा वाटा

पंचायत सदस्यांच्या हाती यांपैकी पुष्कळ गोष्टी आहेत. आरोग्य सेविकेने मुख्यालयी राहावे, अशी अपेक्षा सर्वच गावे करतात. ती रास्तही आहे. परंतु उपकेंद्राच्या निवासस्थानाचे छप्पर गळते काय, नळाला पाणी येते काय, शौचालयाच्या दाराला कडी आहे काय, रात्री रस्त्यावर दिवा लागतो काय, याची पाहणी किती ग्रामपंचायती करतात? आरोग्य सेविका आपले मूल घेऊन त्या घरात राहणार असते. मुलाची शाळा, घरात कोणी वडीलधारे नसताना रात्री येणारी हाक, प्रसूतीसाठी वाडीवर जाताना सोबत, या तिच्या रोजच्या अडचणी आहेत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत लसीकरणाच्या आकड्यांबरोबर या अडचणींचीही नोंद व्हावी. रात्री हाक आली तर सेविकेबरोबर कोण जाईल आणि वाहन कोणाचे, हे गावाने आधीच ठरवून ठेवले, तर तिचे धैर्य दुप्पट होते.

शिक्षकांचे कार्य वेगळे, पण तितकेच मोलाचे आहे. दहावी-बारावीच्या वर्गात घरची जबाबदारी लवकर अंगावर पडलेल्या मुली असतात. त्यांना परिचर्येची माहिती देताना तिचे दोन्ही पैलू सांगावेत. नोकरी लवकर मिळते एवढेच सांगितले, तर केवळ गरजेपोटी येणारी मुलगी रात्रपाळीच्या पहिल्याच महिन्यात खचते. हे व्रत आहे एवढेच सांगितले, तर वेतन आणि विश्रांती मागणे तिला अपराधासारखे वाटू लागते. हे शास्त्र आहे, कसब आहे, चरितार्थाचे साधन आहे आणि माणसाच्या अत्यंत नाजूक घटकेला त्याच्याजवळ उभे राहण्याची संधीही आहे, असे पूर्ण चित्र तिच्यासमोर ठेवले पाहिजे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला मान्यता आहे की नाही, हे पडताळून पाहण्यासही शिकवावे. मान्यता नसलेल्या संस्थेत फी आणि वर्षे दोन्ही वाया जातात आणि शेवटी नोंदणी होत नाही. मुलग्यांनाही हे क्षेत्र सुचविण्यास हरकत नाही. शुश्रूषा हे बायकांचेच काम, ही समजूत जितकी लवकर जाईल, तितके घर आणि रुग्णालय या दोहोंचे ओझे हलके होईल.

परिचारिकेचे समाधान हा तिच्या स्वभावातील सोशिकपणाचा चमत्कार नाही. काम शिकलेले असावे, ते नीट करण्यास वेळ मिळावा, त्याचा मोबदला घर चालविण्यास पुरावा आणि घरी परतल्यावर विसावा लाभावा. या चार गोष्टी जुळल्या की समाधान आपोआप येते. यांतील पहिली गोष्ट तिच्या स्वतःच्या परिश्रमावर अवलंबून आहे. उरलेल्या तीन गोष्टी शासन, समाज आणि कुटुंब यांच्या हाती आहेत.

सकाळी सात-आठच्या सुमारास रात्रपाळी संपते. परिचारिका नोंदवही पुढल्या पाळीच्या स्वाधीन करते, रात्री जन्मलेल्या बाळांकडे एकवार पाहते आणि घराकडे निघते. त्या वेळी घरात चहाचे आधण तिच्यासाठी कोणी ठेवले असेल, मुलाचा डबा भरला गेला असेल आणि तिच्या खोलीच्या खिडकीवर पडदा ओढलेला असेल, तर रात्री पुन्हा कामावर येताना ती प्रसन्न मनाने येईल. त्या प्रसन्नतेचा लाभ ज्या अनोळखी मातेला होईल, ती आपल्यापैकीच कोणाची तरी मुलगी किंवा बहीण असेल.